पोरांच्या ‘थर्टीन कॉलनीज’ प्रोजेक्टमधलं धार्मिक स्वातंत्र्य घरी कसं समजावायचं

दर वर्षी थंडी सुरू झाली की आमच्या इथल्या, अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर कुणाचा तरी मेसेज येतोच, की पाचवीतल्या मुलाला थर्टीन कॉलनीजचा (म्हणजे अमेरिकेतल्या इंग्रजांच्या तेरा वसाहतींचा) प्रोजेक्ट आलाय, ‘रिलिजस फ्रीडम’ टॉपिक मिळालाय, आम्हा दोघांनाही यातलं काही येत नाही, कुणी मदत करेल का. माझ्या लेकीच्या वेळी माझीही हीच गत होती. आपण शाळेत शिवाजी महाराज, पेशवे, १८५७ सगळं शिकलो, पण अमेरिका म्हटलं की कोलंबस आणि मग डायरेक्ट स्वातंत्र्ययुद्ध, मधली पावणेतीनशे वर्षं आपल्याकडे कुणी शिकवलीच नाहीत. लेकीच्या निमित्ताने वाचायला लागले आणि मग सोडवेना, गेल्या चार वर्षांत मंडळातल्या सहा-सात पोरांना जेवणाच्या टेबलाभोवती बसवून हेच शिकवलंय, त्यातून जी पद्धत बसली ती इथे सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी पोराला तो टॉपिक एका वाक्यात सांगायला लावा. दहापैकी नऊ वेळा उत्तर येतं, ‘पिलग्रिम लोकांना इंग्लंडमध्ये धार्मिक स्वातंत्र्य नव्हतं म्हणून ते अमेरिकेत आले.’ हे वाक्य चार्ट पेपरवर लिहू द्या, खोडू नका, फक्त शेजारी एक प्रश्न मोठ्या अक्षरात लिहा: कुणाचं स्वातंत्र्य, आणि जो त्यात बसत नव्हता त्याचं काय केलं? माझ्या मते या अख्ख्या प्रोजेक्टचा जीव या एका प्रश्नात आहे. प्रत्येक कॉलनीला हाच प्रश्न विचारायचा, बस.

पण त्याआधी इंग्लंडचं थोडं सांगावं लागतं, नाहीतर पोरांना कळतच नाही की एवढं काय झालं होतं. आठव्या हेन्रीने १५३४ मध्ये पोपशी संबंध तोडले आणि इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख राजाच झाला, म्हणजे तिथून पुढे प्रार्थना कशी करायची हा सरकारी मामला. १५५९ च्या कायद्याने रविवारी चर्चला दांडी मारली तर १२ पेन्स दंड, १५८१ नंतर तोच दंड महिन्याला २० पौंड, आणि १५९३ च्या कायद्याने तर वेगळी प्रार्थनासभा भरवली की तुरुंग, तरी ऐकलं नाही तर देश सोडा. मुलांना सांगा की समजा आपल्या टाऊनच्या मेयरने ठरवलं की घरात गणपती बसवायचा नाही, सगळ्यांनी रविवारी टाऊन हॉलमध्येच आरतीला यायचं, तीही मेयरने छापलेल्या पुस्तकातली, आणि नाही आलात तर तिकीट फाडणार. हे ऐकलं की पोरं लगेच चिडतात, आणि चिडली की ऐकायला लागतात.

यात दोन गट वेगळे करून सांगा कारण इथे हमखास गोंधळ होतो. प्युरिटन म्हणजे ज्यांना तेच सरकारी चर्च आतून साफ करायचं होतं, आणि सेपरेटिस्ट म्हणजे ज्यांनी म्हटलं की हे साफ होणार नाही, आम्ही वेगळे निघालो. मेफ्लॉवर जहाजाने आलेले पिलग्रिम हे दुसरे, बॉस्टनवाले हे पहिले. टीचर हा फरक नक्की विचारते.

आता पहिला धक्का द्यायचा. पिलग्रिम इंग्लंडहून थेट अमेरिकेला आलेच नाहीत! ते आधी हॉलंडला गेले, १६०९ पासून लायडन शहरात जवळपास ११ वर्षं राहिले आणि तिथे त्यांच्या प्रार्थनेला कुणी आडवं आलं नाही. मग तिथून का निघाले? त्यांचा पुढारी विल्यम ब्रॅडफर्डने कारणं लिहून ठेवलीयत: काम फार कष्टाचं, पोरं लहान वयात कामाला जुंपली जाऊन वाकत चालली होती, त्यातली काही डच मुलांच्या नादाने आईबापांपासून लांब जात होती, शिवाय हॉलंडचा स्पेनबरोबरचा तह १६२१ ला संपणार होता त्यामुळे युद्धाची भीती, आणि नव्या मुलखात धर्म पसरवण्याची आशाही होती. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुस्तक तसंच धरून बसले होते, कारण ‘मुलं इथल्यासारखी होत चाललीयत’ ही चारशे वर्षांपूर्वीच्या आईबापांची काळजी मी आमच्याच मंडळाच्या पार्किंग लॉटमध्ये किती वेळा ऐकलीय. तर पोराला चार्टवर लिहायला सांगा की स्वातंत्र्य त्यांना लायडनमध्ये मिळालं होतं, अमेरिकेत त्यांना हवी होती स्वतःची वेगळी वस्ती जिथे आपली पोरं आपल्यासारखी वाढतील. हा फरक ज्या पोराच्या प्रोजेक्टमध्ये असतो तो प्रोजेक्ट वेगळाच दिसतो.

मेफ्लॉवरचे आकडे पटकन टाकून पुढे जा: १६२० साल, १०२ प्रवासी, त्यातले निम्म्याहून कमी लायडनच्या गटातले, बाकीचे कामधंद्यासाठी निघालेले, ४१ पुरुषांनी मिळून नियम करायचे आणि पाळायचे अशा करारावर सह्या केल्या, आणि पहिल्या हिवाळ्यात जवळपास निम्मे लोक गेले. खर्च लंडनच्या व्यापाऱ्यांनी घातला होता, तो फेडायचा होता. आणि त्याच्याही आधी १६०७ चं जेम्सटाऊन आहे व्हर्जिनियात, ती तर सरळ कंपनीची वसाहत, पैशासाठी, आणि चर्च तिथेही सरकारीच, त्यामुळे ‘अमेरिका धार्मिक स्वातंत्र्यासाठी वसली’ असं सरसकट लिहू देऊ नका.

मग बॉस्टन. १६३० ला जॉन विन्थ्रॉपच्या मागे साधारण हजारभर प्युरिटन आले, पुढच्या दहा वर्षांत वीसेक हजार. हे लोक शिकलेले, शिस्तीचे, स्वतः त्रास भोगून आलेले. आणि त्यांनी १६३१ मध्ये ठरवलं की मत फक्त चर्चच्या सभासदाला. इथे तो चार्टवरचा प्रश्न पोराला मोठ्याने वाचायला लावा. कुणाचं स्वातंत्र्य? त्यांचं. जो बसत नव्हता त्याचं काय? याचं उत्तर दोन माणसांच्या गोष्टीतून सांगा, आकडे लक्षात राहत नाहीत, माणसं राहतात.

पहिला रॉजर विल्यम्स. याच्यावर वेळ घालवा, हवा तेवढा. १६३१ ला बॉस्टनला आला, तरुण धर्मोपदेशक, लंडनला ओळखीपाळखी असलेला, बॉस्टनच्या चर्चने त्याला चांगली जागा देऊ केली आणि याने नाही म्हटलं कारण ते चर्च अजून इंग्लंडच्या चर्चला चिकटून आहे. पुढे जाऊन त्याने दोन गोष्टी बोलायला सुरुवात केली ज्या तिथल्या सत्तेला झोंबल्या: एक, माणूस देवाला कसा भजतो यावर मॅजिस्ट्रेटने शिक्षा करायची नाही, आणि दोन, ही जमीन इथल्या मूळ लोकांची आहे, राजाच्या कागदाने ती आपली होत नाही. ऑक्टोबर १६३५ ला त्याला हद्दपारीची शिक्षा झाली. त्याला धरून जहाजाने इंग्लंडला पाठवायचं ठरत होतं तोवर तो जानेवारी १६३६ मध्ये भर बर्फात घर सोडून निघाला, आणि त्याला जगवलं कुणी तर वांपानोआग लोकांनी. वसंतात नॅरागॅन्सेट सरदार कॅनॉनिकस आणि मिअँटोनोमीकडून जमीन मिळवून त्याने प्रॉव्हिडन्स वसवलं, पुढची ऱ्होड आयलंड कॉलनी ती इथूनच. तिथे आलेल्यांनी जो करारनामा केला त्यात गावाचे नियम पाळायचं कबूल केलं, पण फक्त ‘नागरी बाबींत’. ते दोन शब्द चार्टवर लाल स्केचपेनने लिहायला लावा. देवाधर्माचं गावाने ठरवायचं नाही, रस्ते, जमीन, भांडणतंटे एवढंच ठरवायचं.

मुलांना हे पटवायला त्याचंच एक उदाहरण आहे, १६५५ सालच्या पत्रातलं. तो म्हणतो समजा एका जहाजात कॅथलिक, प्रोटेस्टंट, ज्यू आणि मुसलमान (त्याने ‘तुर्क’ म्हटलंय) सगळे चढलेत, तर जहाजावरच्या प्रार्थनेला कुणाला ओढून आणायचं नाही आणि कुणी आपली वेगळी प्रार्थना करत असेल तर थांबवायचं नाही, पण जहाज कुठे न्यायचं ते कप्तान ठरवणार, भाडं सगळ्यांनी भरायचं आणि वादळ आलं तर हात सगळ्यांनी लावायचा. आमच्या टेबलावर मी स्टीलचं ताट जहाज म्हणून ठेवलं आणि लाल, हिरव्या, पिवळ्या सोंगट्या प्रवासी. एका मुलाने विचारलं, मामी, आणि एखाद्याला काहीच प्रार्थना करायची नसेल तर? म्हटलं त्याच्या हिशेबात तोही बसतो, कारण प्रार्थनेची सक्तीच नाही. त्या पोराने खिशातलं एक नाणं काढून ताटात ठेवलं, म्हणाला हा तो.

विल्यम्सबद्दल अजून एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्याला सगळे धर्म सारखेच वाटायचे असं काही नव्हतं, त्याला क्वेकर लोकांची (पाद्रीशिवाय प्रार्थनासभा भरवणारा नवा ख्रिस्ती पंथ) मतं अजिबात पटत नव्हती. १६७२ साली, सत्तरीच्या आसपास, स्वतः दिवसभर होडी वल्हवत तो प्रॉव्हिडन्सहून न्यूपोर्टला गेला, कशाला, तर क्वेकरांशी जाहीर वाद घालायला. आणि त्याच क्वेकरांना ऱ्होड आयलंडमध्ये राहायला कुणी अडवलं नाही. शेजारच्या कॉलन्यांनी १६५७ ला पत्र पाठवलं होतं की यांना हाकला, तर ऱ्होड आयलंडने कळवलं की आमच्याकडे जिथे त्यांना मोकळं बोलू देतात तिथे यायची त्यांना फारशी हौसच नसते. न पटणाऱ्या माणसालाही बोलू देणं म्हणजे काय, ते पोरांना या होडीवरून जेवढं कळतं तेवढं कुठल्या व्याख्येने कळत नाही.

दुसरी व्यक्ती मेरी डायर, ही क्वेकर, आणि ही गोष्ट सांगताना मुलाचं वय बघा. १६५६ ला पहिल्या दोन क्वेकर बायका बॉस्टनला उतरल्या, त्यांना कोंडलं, पुस्तकं जाळली. मग कायदे कडक होत गेले, फटके, कान कापणं, आणि १६५८ ला हद्दपार केलेला क्वेकर परत आला तर फाशी. डायर परत आली. ऑक्टोबर १६५९ ला तिच्या दोन सोबत्यांना तिच्या डोळ्यांदेखत फाशी दिलं, तिला ऐनवेळी सोडलं. ती पुन्हा परत आली, आणि १ जून १६६० ला तिलाही फाशी दिलं. ज्यांनी दिलं ते स्वतः धर्मासाठी समुद्र ओलांडून आलेले लोक होते. आज तिचा पुतळा बॉस्टनच्या स्टेट हाऊसबाहेर आहे, त्याचा फोटो प्रोजेक्टमध्ये लावता येतो. ॲन हचिन्सनलाही इथेच एका ओळीत घ्या, घरी बायकांना जमवून प्रवचनांवर चर्चा करायची, १६३७ ला खटला आणि हद्दपारीची शिक्षा, पुढच्या वर्षी तीही ऱ्होड आयलंडलाच गेली.

मेरीलँडसाठी माझी एकच सूचना, पुस्तकातला सारांश वाचू नका, १६४९ चा मूळ कायदा उघडा, नेटवर मिळतो, इंग्रजी जुनं आहे पण पोराबरोबर बोट ठेवून वाचलं तर जमतं. पार्श्वभूमी एवढीच की कॉलनीचं मालक बाल्टिमोर घराणं कॅथलिक, १६३४ ला आर्क आणि डव्ह या दोन जहाजांतून वस्ती आली, पण वस्तीत जास्त लोक प्रोटेस्टंटच, त्यामुळे मालकालाच आपल्या लोकांची काळजी होती. त्या कायद्यात शिव्यांची यादी आहे! पाखंडी, मूर्तिपूजक, प्युरिटन, पोपचा पाद्री, जेझुइट असं कुणाला हिणवून म्हटलं तर १० शिलिंग दंड, त्यातले निम्मे ज्याला बोललं त्याला, आणि पैसे नसतील तर चाबूक खा आणि माफी मागेपर्यंत तुरुंगात बस. पोरांना हे प्रचंड आवडतं, शाळेत कुणी चिडवलं की किती शिलिंग होतात याचा हिशेब सुरू होतो. तो हिशेब चालू असतानाच पुढचं कलम दाखवा: येशूला मानणाऱ्या कुणालाही त्रास द्यायचा नाही. आणि कायद्याच्या सुरुवातीलाच लिहिलंय की जो ट्रिनिटी (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) नाकारेल त्याला मृत्युदंड. म्हणजे ज्यू गेला, आणि आपण तर गेलोच. १६५८ ला जेकब लंब्रोझो नावाच्या ज्यू डॉक्टरवर यावरूनच आरोप आला, सार्वत्रिक माफी जाहीर झाली म्हणून सुटला. आणि ज्या कॅथलिकांनी ही कॉलनी काढली त्यांचाच मतदानाचा हक्क तिथे १७१८ मध्ये गेला. चार्टवरचा प्रश्न पुन्हा वाचा.

आता पैसा. हा भाग बहुतेक पुस्तकं टाळतात आणि म्हणूनच तुमच्या पोराने घालावा. १६५४ ला न्यू ॲम्स्टरडॅममध्ये, म्हणजे आजच्या न्यूयॉर्कात, २३ ज्यू निर्वासित उतरले, ब्राझीलच्या रेसिफेहून, कारण पोर्तुगिजांनी ते शहर डचांकडून परत घेतलं होतं. पोर्तुगिजांना ते का घाबरले हे मराठी घरात वेगळं सांगायला नको, गोव्यात इन्क्विझिशन (चर्चचं धर्मचौकशीचं कोर्ट) १५६० पासून चालूच होतं, राज्य तेच. गव्हर्नर स्टायव्हेसंटला हे लोक नको होते. पण ही वसाहत चालवणाऱ्या डच वेस्ट इंडिया कंपनीने हॉलंडहून कळवलं की राहू दे, ब्राझीलमध्ये यांचं नुकसान झालंय आणि कंपनीत ज्यूंचं भांडवल आहे. विल्यम पेनची पेनसिल्व्हेनियाही तशीच, १६८१ ला राजाने जमीन दिली ती राजाकडून पेनच्या बापाचं १६,००० पौंडांचं येणं होतं म्हणून. पेन स्वतः क्वेकर, धर्मासाठी तुरुंगात जाऊन आलेला, मनापासून मानणारा, आणि त्याचबरोबर त्याने जर्मन, डच, फ्रेंचमध्ये माहितीपत्रकं काढून लोक बोलावले कारण जमीन विकायची होती. जर्मन क्वेकर आणि मेनोनाइट (बाप्तिस्मा मोठेपणीच घ्यायचा असं मानणारा ख्रिस्ती पंथ) आले, १६८३ ला जर्मनटाऊन वसलं. पोराला सांगा की यात खोटं काही नाही, माणसाच्या मनात श्रद्धा आणि हिशेब एकत्र राहतात, दोन्ही लिहायचं.

यानंतर एक पान असं ठेवा ज्याच्यावर कॉलनीचं नाव नाही. मॅसेच्युसेट्स बेची १६२९ ची मोहर शोधून प्रिंट काढा. तिच्यावर एक मूळनिवासी माणूस उभा आहे, हातात धनुष्य-बाण, आणि तोंडातून पट्टी निघालीय तिच्यावर लिहिलंय की इकडे या आणि आम्हाला मदत करा. पोराला विचारा, हे त्या माणसाने म्हटलं होतं का? (बायबलमधलं वाक्य आहे ते, इंग्लंडमध्ये बसून त्याच्या तोंडी घातलं.) प्युरिटन पाद्री जॉन एलियटने मूळनिवासींच्या भाषेत १६६३ ला अख्खं बायबल छापलं, धर्मांतर केलेल्यांसाठी वेगळी गावं वसवली, आणि १६७५ ला वसाहतवाले आणि मूळनिवासी यांच्यात युद्ध पेटल्यावर त्याच ख्रिस्ती झालेल्या लोकांना बॉस्टनजवळच्या डीअर आयलंडवर नेऊन कोंडलं, हिवाळ्यात, कित्येक मेले. आणि व्हर्जिनियाचा १६६७ चा कायदा, एका ओळीचा आशय: बाप्तिस्मा घेतला म्हणून गुलाम मोकळा होत नाही. या लोकांच्या देवाबद्दल, त्यांच्या प्रार्थनेबद्दल त्यांना कुणी विचारलंच नाही. हे पान रिकामं ठेवून प्रोजेक्ट देऊ नका, खरंच देऊ नका.

मोहरेवरून आठवलं म्हणून सांगते, त्याच प्युरिटन परंपरेतल्या काँग्रिगेशनल चर्चवाल्यांनी १८१० ला मॅसेच्युसेट्समध्ये मिशन बोर्ड काढलं आणि त्यांची माणसं १८१३ ला मुंबईत पोचली, पुढे १८३१ पासून नगरला. ज्यांच्या घरात नगरच्या अमेरिकन मिशनच्या शाळेत शिकलेली आजी-पणजी असेल त्यांनी ते पोराला जरूर सांगावं, तिच्या शाळेची गोष्ट बॉस्टनपासून सुरू होते.

मांडणीचं म्हणाल तर मी तीन रकाने करून घेते: कोण आले, स्वातंत्र्य कुणाला, बाहेर कोण राहिलं. प्रत्येक कॉलनीला एक ओळ, आणि शेजारी बाण काढायचे की हाकललेला माणूस कुठे गेला. बाण काढायला लागलात की दिसतं, बरेचसे ऱ्होड आयलंडकडे जातायत. पण ऱ्होड आयलंडलाही डोक्यावर घेऊ नका, १६६३ च्या चार्टरमध्ये (राजाने दिलेल्या सनदेत) धर्माच्या मतभेदावरून कुणाला त्रास द्यायचा नाही असं स्वच्छ लिहिलेलं असूनही तिथल्या कोर्टाने १७६२ मध्ये ॲरन लोपेझ या न्यूपोर्टच्या ज्यू व्यापाऱ्याला नागरिकत्व नाकारलं. आणि चार्टच्या तळाशी दोनच तारखा, १७९१ अमेरिकेची पहिली घटनादुरुस्ती (काँग्रेसने सरकारी धर्म ठरवायचा नाही आणि कुणाच्या धर्माआड यायचं नाही), १८३३ मॅसेच्युसेट्समध्ये चर्चसाठीचा कर बंद. मधली ४२ वर्षं पोराला वजाबाकी करून काढू द्या.

न्यू जर्सी-न्यूयॉर्कवाल्यांना शेवटचं काम, एक शनिवार काढा आणि क्वीन्सला फ्लशिंगला जा. १६५७ च्या २७ डिसेंबरला तिथल्या तीसेक गावकऱ्यांनी स्टायव्हेसंटला सह्या करून कळवलं होतं की क्वेकरांना थारा देऊ नका हा तुमचा हुकूम आम्ही पाळणार नाही, आणि त्यात ज्यू, तुर्क, इजिप्शियन सगळ्यांनाच आदमची लेकरं म्हटलंय. सह्या करणारे स्वतः क्वेकर नव्हते! गावचा क्लार्क आणि शेरीफ दोघांना अटक झाली. त्या मूळ कागदाचा फोटो बघा, १९११ ला ऑल्बनीच्या लायब्ररीला आग लागली त्यात त्याच्या कडा जळाल्यायत. पाच वर्षांनी जॉन बाऊन नावाच्या माणसाने आपल्या घरात क्वेकरांची सभा भरू दिली, म्हणून दंड, तुरुंग, आणि जहाजात घालून हॉलंडला रवानगी. तो तिथे कंपनीशी भांडला, १६६३ ला कंपनीने स्टायव्हेसंटला लिहिलं की लोकांना त्यांच्या मनाप्रमाणे राहू दे, आणि बाऊन घरी परत आला. ते घर अजून आहे, १६६१ च्या सुमाराचं, लाकडी, बाऊन स्ट्रीटवर. आत जायचं असेल तर वेळा आधी बघून ठेवा.

तिथून त्याच रस्त्याने सरळ दक्षिणेला चालत या, पोरांना घरांच्या पाट्या वाचत येऊ द्या, चर्च, गुरुद्वारा, काय काय दिसतं ते मोजू द्या. थोड्या वेळाने गोपुर दिसेल. फ्लशिंगचं गणपतीचं देऊळ, जिथे आपण इतक्या वर्षांत कितीदा जाऊन आलो असू, ते याच बाऊन स्ट्रीटवर आहे. दर्शन घ्या, मग खाली कँटीनमध्ये डोसा मागवा आणि तो येईपर्यंत पोराला म्हणा, वहीत चौथा रकाना काढ, ‘आपण इथे कसे बसलो’, आणि त्यात काय लिहायचं ते त्याचं त्याला ठरवू द्या.